जपणाऱ्या हातांना काम आहे

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दिवाळी तोंडावर आली आहे. आता घरोघरी साफसफाई निघेल. माळे रिकामे होतील, ट्रंका उघडतील, भंगारवाल्याची गाडी दारात उभी राहील. म्हणून आजचा विषय मुद्दाम याच आठवड्यात घेतला आहे. जुन्या वस्तू, जुने कागद, जुनी देवळं जपायचं एक शास्त्र असतं. ते शिकून आपल्या मुली पोटापाण्याला लागू शकतात. त्याबद्दल आज बोलायचं आहे. पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. नवी सून म्हणून माळा आवरायचं काम माझ्याकडे आलं. वर एक पत्र्याची पेटी होती. पेटीत लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. एका बाजूनं वाळवी लागलेली, हात लावला की भुगा पडायचा. कागदावर एका रेघेला लटकल्यासारखी वळणावळणाची अक्षरं. मी बीए झालेली, पण मला त्यातलं एक अक्षर लागेना. मग मी काय केलं? सकाळी बंब पेटवायचा होताच. वरचे कागद त्यात घातले. सासूबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या धावत आल्या. "अगं, आज्या-पणज्याच्या हातचं हाय ते, सरपान न्हाई!" एवढंच बोलल्या. दिवसभर पुन्हा बोलल्या नाहीत. उरलेले कागद मी उचलून ठेवले. फाटलेल्यांना चिकटपट्टी लावली, आणि एक चांगला दिसला तो तालुक्याला जाऊन लॅमिनेशन करून आणला. वाटलं, झालं, चूक भरून निघाली.

ती अक्षरं मोडी लिपीतली होती. पूर्वी आपल्याकडे सरकार-दरबारचं, जमीन-महसुलाचं, देण्याघेण्याचं लिखाण मोडीत चालायचं. आज आपण पुस्तकात वाचतो ती बाळबोध. मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आपल्याच घरचे कागद आपल्याला परके झाले.

मग २०२३ साल आलं. राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कोतवाल बुकं, जुने खासरे, शाळेचे दाखले, सगळं बाहेर निघालं. आमच्या भावकीतली माणसं आमच्या दारात. "वहिनी, तुमच्याकडं जुने कागद होते म्हणतात." मी पेटी काढली. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे कागद नेले. चिकटपट्टी पिवळी पडून तिच्याखालची शाई गेली होती. पट्टी काढावी तर अक्षरं तिच्याबरोबर निघत होती. लॅमिनेशनचा कागद आत तपकिरी झालेला, आणि तो प्लास्टिकमधून सोडवायची सोयच नाही. वाचता आले ते चारच कागद. एक धान्याच्या उसनवारीचा. दोन सारा भरल्याचे. आणि चौथा विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा. त्या चौथ्या कागदावर हिस्सेदार म्हणून एका बाईचं नाव होतं. आमच्या घरातली सून. आमच्या वंशावळीत तिचं नाव कुठंच नाही, कारण वंशावळीत बायका लिहीतच नाहीत. पण पाण्यात तिचा हिस्सा होता, तो त्या कागदानं सांगितला.

भावकीला हवी होती ती नोंद मात्र मिळाली नाही. ती बंबात गेली की मुळात नव्हतीच, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. ही टोचणी माझ्या मनात आहे, आणि म्हणूनच मी आज बोलते आहे.

त्या दिवसांत एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. मोडी वाचणारी माणसं मिळेनात. एकेका वाचकाकडे रांग. म्हणजे हे पहिलं काम झालं बघा. मोडी शिकायला मोठी डिग्री लागत नाही. मराठी नीट वाचता येणारी, चिकाटीची मुलगी काही आठवड्यांत अक्षरओळख करून घेते. पुढं सराव वाढवावा लागतो, कारण जुना कारकून घाईत लिहायचा आणि प्रत्येकाचं वळण वेगळं असायचं. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथं मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत, आणि ते वाचणारे डोळे कमी आहेत. हे काम घरी बसूनही करता येतं. लेकरू मांडीवर असलं तरी करता येतं.

आता दुसरं काम. कागद वाचण्याआधी तो टिकवावा लागतो. फाटलेला कागद, विरलेलं लुगडं, गंज चढलेली तलवार, रंग उडालेलं चित्र, झिजलेली मूर्ती, यांच्यावर इलाज करणारे डॉक्टर असतात. त्यांना संवर्धक म्हणतात. माणसाचा डॉक्टर जसा आधी नाडी बघतो, तसा संवर्धक आधी वस्तू बघतो. ती कशाची बनली आहे, तिला ओल लागली आहे की कीड, पूर्वी कुणी काय उपचार केले आहेत, हे सगळं लिहून काढतो, फोटो घेतो आणि मगच हात लावतो. या शास्त्राचा एक मोठा नियम आहे. जे उलटवता येणार नाही ते करायचं नाही. उद्या यापेक्षा चांगला उपाय निघाला, तर आज लावलेलं काढता आलं पाहिजे. माझी चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही याच नियमात नापास झाली.

असं फक्त माझंच झालं असं समजू नका. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं आपल्या महाराष्ट्राची शान. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या सुमाराला, निजाम सरकारनं ती वाचवण्यासाठी थेट इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत आलेला गिलावा पक्का बसवला, ते काम चांगलं झालं. पण चित्रांवर लाखेच्या रोगणाचा हात दिला. काही वर्षांनी ते रोगण पिवळं पडलं, काळवंडलं, आणि खालचे रंग झाकोळले. पुढं आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर काढायला वर्षानुवर्षं खपावं लागलं. बोटभर जागा घ्यायची, कापसानं हलकेच पुसायची, थांबायचं, पुन्हा बघायचं. एवढ्या मोठ्या तज्ज्ञांचं असं होतं, तर आपण चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीनंही नुकसान होऊ शकतं, एवढं मान्य करायला हरकत नाही.

अजिंठ्याची ती चित्रं कशावर काढली आहेत माहीत आहे का? मातीच्या गिलाव्यावर. मातीत भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू मिसळलेले. आपण भिंत लिंपताना मातीत भुसा घालतो, कशासाठी? भेगा पडू नयेत म्हणून. तेच शहाणपण.

आणि कागद जोडायला संवर्धक काय वापरतात ते ऐका. गव्हाची खळ. उन्हाळ्यात कुरडयांसाठी आपण गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढतो ना? तसाच गव्हाचा निखळ चीक घ्यायचा, शिजवायचा, गाळायचा, पातळ करायचा. झाडाच्या सालीच्या लांब तंतूंपासून केलेला अगदी झिरझिरीत जपानी कागद त्या खळीनं फाटलेल्या जागी चिकटवायचा. उद्या काढावासा वाटला तर थोड्या ओलाव्यानं खळ सुटते, मूळ कागदाला इजा होत नाही. विरलेल्या जुन्या कापडाचंही असंच. त्याच्याखाली रंगाला जुळणारं कापड लावायचं आणि केसाएवढ्या बारीक रेशमी धाग्यानं टाके घालायचे. टाका असा की जुन्या कापडावर ताण येता कामा नये. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

याचा अर्थ आपल्याला सगळं येतं असा नाही. हाताला वळण आहे, शास्त्र शिकावं लागेल. कोणत्या धातूला कोणतं औषध, किती ओलाव्यात बुरशी धरते, कोणता रंग पाण्यानं पसरतो, हे रसायनशास्त्राशिवाय कळत नाही. पण वळण असलेल्या हातांना शास्त्र लवकर बसतं.

बायकांनी हे काम केल्याचं एक उदाहरण सांगते. लडाखमधल्या नूर जहाँ आणि वजीदा तबस्सुम या दोघी नात्यानं बहिणी. दिल्लीला जाऊन या विषयाचं शिक्षण घेतलं, आणि २०१७ साली आपल्या गावाकडे, लेहला येऊन स्वतःची संस्था काढली. बौद्ध मठांतली भिंतीवरची जुनी चित्रं, कापडावरची चित्रं त्या दुरुस्त करतात. घर मुसलमानाचं, काम बुद्धाच्या चित्रांचं. लांबच्या लोकांना याचं नवल वाटेल, आपल्याला वाटायला नको. आपल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज मुसलमान घरात जन्मले आणि त्यांनी मराठीत योगसंग्राम लिहिला. छापखाने नव्हते तेव्हा तो हातानं उतरवून कुणीतरी पिढ्यान् पिढ्या जपला, म्हणून आज आपल्या हाती आहे.

आता शिक्षणाचं सांगते. पेन घ्या, नाहीतर घरातल्या शिकणाऱ्या मुलीला हाक मारा.

मुलगी बीएस्सी असेल, त्यातही रसायनशास्त्र असेल, तर संवर्धनाच्या वाटा तिला जास्त मोकळ्या आहेत. नोएडाला भारतीय वारसा संस्था आहे, पूर्वी तिला राष्ट्रीय संग्रहालय संस्था म्हणायचे. तिथं संवर्धनात एमए करता येतं. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, तिथं प्रशिक्षण दिलं जातं. मुलगी बीए असेल तर वस्तुसंग्रहालयशास्त्राची वाट आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून चालतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाची मोठी कार्यशाळा आहे, आणि तिथंही पदवीनंतरचे अभ्यासक्रम चालतात. पुरातत्त्व शिकायचं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आपल्याला सगळ्यात जवळ. हस्तलिखितांचं बघायचं तर पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, १९१७ साली निघालेली. तिथली ऋग्वेदाची हस्तलिखितं २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेली. प्रवेशाच्या अटी आणि फी दर वर्षी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघा किंवा सरळ फोन करा.

शिकल्यावर काम कुठं? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा आहे. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालय संचालनालय आहे. इंटॅक ही १९८४ साली स्थापन झालेली संस्था देशभर वारसा जतनाची कामं करते. ग्रंथालयं, देवस्थानं, विद्यापीठं, जुनी घराणी यांचे संग्रह असतात. वाडे आणि देवळांच्या दुरुस्तीत चुन्याचं काम, दगडाचं काम, लाकडाचं काम करणारे कारागीर लागतात. हस्तलिखितांचे फोटो काढून संगणकावर चढवणारी, नोंदी करणारी मुलं-मुली लागतात, आणि त्या कामात बारावी झालेल्यांनाही जागा मिळते.

खोटं आमिष मी दाखवणार नाही. कायमच्या सरकारी जागा थोड्या निघतात. बरीचशी कामं कंत्राटी असतात, सुरुवातीची वर्षं उमेदवारीची जातात, गाव सोडावं लागतं. आमच्या एका ग्रामसंघातली मुलगी आहे. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली, तिला हे शिकायचं आहे. वडील म्हणतात, "जुन्या चिंध्या शिवायला एवढ्या लांब पाठवू का?" आई गप्प बसते. मी त्यांच्या घरी दोनदा गेले. वडिलांना एवढंच म्हटलं, "दादा, पोरीला पुण्या-मुंबईला एक दिवस घेऊन जा. काम डोळ्यानं बघा, मग नाही म्हणा." अजून गेलेले नाहीत. पण दुसऱ्या वेळी मी निघाले तेव्हा आईनं मला फाटकापर्यंत सोडलं आणि विचारलं, "ताई, तिथं पोरींना राहायची सोय असती का?" मैत्रिणींनो, हा प्रश्न त्या आईनं विचारला म्हणजे दार किलकिलं झालं. प्रवासाच्या एका दिवसाचा खर्च गटातून उसना द्यायचं आमच्या बैठकीत ठरलं आहे.

जुन्या घरगुती वस्तूंची किंमत काय, हे बघायचं असेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकर म्हणजे पेशव्यांचे वंशज नव्हेत, चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी आयुष्यभर गावोगावच्या वस्तू गोळा केल्या. अडकित्ते, समया, दिवे, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडी, पाळणे. वीस हजारांच्या वर वस्तू झाल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी त्या संग्रहालयाला दिलं. तिथं काचेत ठेवलेला अडकित्ता आणि तुमच्या आजीच्या चंचीतला अडकित्ता यांत फरक एवढाच, की तिथल्याची नोंद झाली आहे.

आता आपल्या गावाकडे येते. आपल्या तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून तिथं आणलं होतं, म्हणून तिथली माती आपल्याला जड वाटते. त्याच किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचं कोरीव दगडी देऊळ आहे. आपल्यातल्या किती जणींनी ते जवळून बघितलं आहे? अशी जुनी दगडी देवळं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि जत्रा आली की वर्गणी काढून त्यांना आपण झगझगीत ऑइलपेंट देतो. भक्तीनंच देतो. पण दगडाला श्वास लागतो. गरम भाकरी घट्ट डब्यात ठेवली की तिला घाम सुटतो आणि ती भिजते, तसंच ते. जमिनीतून चढलेली ओल ऑइलपेंटमुळे बाहेर पडू शकत नाही. ती आतच राहते, क्षार फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. त्याबरोबर कोरलेल्या मूर्तीचं नाक-डोळे जातात. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापलं तरी हेच. २०२४ साली पंढरपुरात विठुरायाच्या गाभाऱ्यात पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली नंतर बसवलेली संगमरवरी फरशी काढली आणि मूळचा काळा दगड मोकळा केला. जे पांडुरंगाच्या घरी चालतं ते आपल्या भैरोबाच्या घरीही चालेल. पुढच्या ग्रामसभेत रंगाचा विषय निघाला तर बायकांनी हात वर करून सांगा, "आधी जाणकाराला विचारा."

शेवटी, या दिवाळीला घरात करायच्या चार गोष्टी.

एक. जुना कागद दिसला तर जाळू नका, रद्दीत घालू नका. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन नको, स्टेपलरची पिन नको. मऊ ब्रशनं धूळ झटका. कडक उन्हात वाळवू नका, सावलीत वारा लागू द्या. दिवसाच्या उजेडात मोबाईलवर पानापानाचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. मग धुऊन खळ काढलेल्या पांढऱ्या सुती कापडात कागद गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते. पेटी जमिनीला आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. वेखंडाची पुरचुंडी कागदाला न लागेल अशी कोपऱ्यात ठेवा.

दोन. पैठणी, शालू, जुनं जरीचं लुगडं लोखंडी हँगरला लावू नका. दर तीन-चार महिन्यांनी उलगडा आणि घडी बदला, नाहीतर ते घडीवरच चिरतं. अत्तर जरीवर उडवू नका.

तीन. तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव, साल, गाव कोरलेलं असेल तर विटकरीच्या पुडीनं घासू नका, अक्षरं झिजतात. असं भांडं मोडीत घालण्याआधी निदान ते नाव वहीत उतरवून घ्या.

चार. पुढच्या बैठकीत हप्त्याच्या हिशेबानंतर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं घरातल्या एका जुन्या वस्तूची माहिती सांगायची. वस्तू काय, कुणाची, कुणाकडून आली. गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर ते लिहा. आपल्या वह्यांत दहा रुपयांचीही नोंद चुकत नाही. ही नोंदसुद्धा तितकीच नीट करा. म्हाताऱ्या बायका आहेत तोवरच ही माहिती आहे.

माझ्या घरी ते चार कागद आता पांढऱ्या कापडात आहेत. विहिरीच्या कागदावरच्या त्या बाईचं नाव मी आमच्या वंशावळीत पेनानं लिहिलं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता तिच्याखाली माझंबी लिही, आन् तुझंबी."

बायांनो, बंब पेटवण्याआधी एकदा नीट बघा.